कोतवालीची गस्त आणि पेपरची लाइन



हैदराबादच्या इतिहासावर बोलायचे म्हटले की आपण निजाम, रझाकार, स्टेट काँग्रेस आणि पोलीस ॲक्शन या चार खांबांभोवतीच फिरत राहतो. आजच्या व्याख्यानासाठी मी त्याहून लहान विषय निवडला आहे. या शहरात उजाडायच्या आत दोन प्रकारची माणसे गल्लीबोळांतून हिंडत. एक म्हणजे रात्रीची गस्त संपवून चौकीकडे परतणारा पोलीस, आणि दुसरा म्हणजे काखेत पेपरांचा गठ्ठा मारून निघालेला शाळकरी मुलगा. कोणत्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो, कुठे पाहुणा उतरला आहे, कोण कोणता पेपर घेतो, हे दोघांनाही ठाऊक असे. फरक एवढाच की एकजण ते रोजनाम्यात लिहून वर पाठवी आणि दुसरा महिनाअखेरीला बिल घेऊन दारात उभा राही.

या दोन फेऱ्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर आपल्या सुलतान बाजाराचा, काचीगुड्याचा, बडी चावडीचा इतिहास जितका स्पष्ट दिसतो तितका मोठ्या ग्रंथांतून दिसत नाही. मात्र त्यांतल्या पोलिसाच्या बाजूची आठवण आपण मराठी मंडळींनी जवळजवळ गमावली आहे. ती का गमावली आणि उरलेली कशी वाचवता येईल, हा माझा आजचा विषय.

एक बाजार, दोन अंमल

निजामाच्या राज्यात पोलिसांचे दोन वेगळे विभाग होते. जिल्ह्यांचे पोलीस ‘नाजिम कोतवाली’च्या हाताखाली आणि राजधानीचे पोलीस शहराच्या कोतवालाच्या हाताखाली. जिल्ह्याच्या अधीक्षकाला ‘मोहतमीम’ म्हणत, ठाण्यावरच्या अधिकाऱ्याला ‘अमीन’. अमीन हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला होता की त्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या गृहस्थाचे खरे आडनाव शेजारच्या मुलांना माहीतही नसे. शहराचा कोतवाल हा नुसता पोलीस अधिकारी नव्हता. शहरातली हालहवाल दरबारापर्यंत पोहोचवणारा तो निजामाचा माणूस होता.

पण या कोतवालाचा अंमल सगळ्या शहरावर चालत नसे. मुसीच्या उत्तरेला ब्रिटिश रेसिडेन्सी होती, आणि तिच्याभोवतीचे रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आजचा सुलतान बाजार आणि त्याच्या लगतचा भाग, १९३३ पर्यंत रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. सिकंदराबादची छावणी तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे एकाच शहरात तीन पावलांवर कायदा बदलत होता. आपल्या मराठी वस्तीने या सीमेवर घर केले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. वकील, शिक्षक, पेढीवाले आणि सार्वजनिक कामाची हौस असलेली माणसे तिथे जमली. १९०७ साली विवेक वर्धिनी उभी राहिली आणि १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांचे सार्वजनिक आयुष्य याच टापूत गेले.

रेसिडेन्सीची हद्द म्हणजे स्वातंत्र्य, असा मात्र समज करून घेऊ नये. इंग्रज सरकारने १८९१ सालीच हुकूम काढला होता की संस्थानांतल्या ब्रिटिश अंमलाखालच्या अशा जागांत परवानगीवाचून वर्तमानपत्र छापता येणार नाही. छापण्याला अडथळा होता, पण बाहेर छापलेले वाचायला तिथे थोडी अधिक मोकळीक होती. संस्थानी हद्दीत बाहेरच्या अनेक पत्रांना वेळोवेळी प्रवेशबंदी होई. विसाव्या शतकाच्या विशीत ‘गश्ती निशाण ५३’ हा प्रसिद्ध हुकूम निघाला आणि साध्या सभेलाही सरकारी परवानगी लागू लागली. अशा वेळी ज्या वस्तीच्या एका टोकाला कोतवालाचा शिपाई आणि दुसऱ्या टोकाला रेसिडेन्सीचा शिपाई, त्या वस्तीत वर्तमानपत्राची एक प्रत किती घरांतून फिरत असेल, याची कल्पना करावी. ग्रंथसंग्रहालयातल्या एका पेपरला वीस वाचक, आणि ते ऐकणारे आणखी पन्नास.

पुण्या-मुंबईचा पेपर सोलापूर, गुलबर्गा आणि वाडी जंक्शनमार्गे रेल्वेने येई, म्हणजे एक दिवस शिळा होऊन. त्यावर छापलेली किंमत कलदार आण्यांत असे, पण गिऱ्हाइकाच्या खिशात निजामाचा हाली सिक्का. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली रुपये, असा हिशेब होता. त्या काळी पेपर टाकणाऱ्या मुलाला अपूर्णांक शाळेत शिकवावे लागत नसत, असे जुनी मंडळी हसत सांगत.

कोतवाल आणि संपादक

कोतवाल म्हटले की आपल्याला ‘कोतवालाला दंडणारा चोर’ आठवतो. हैदराबादकरांना मात्र एक निराळा कोतवाल आठवायला हवा. राजाबहादूर वेंकटराम रेड्डी १९२० ते १९३४ या काळात शहराचे कोतवाल होते. आसफजाही राजवटीत त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदू गृहस्थ. कोतवाल होण्याआधीच, १९१८ साली, त्यांच्या पुढाकाराने शहरात रेड्डी वसतिगृह निघाले. खेड्यांतली तेलुगू मुले तिथे राहून शिकली. या वसतिगृहाचा कारभार काही वर्षे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्याकडे होता, आणि याच प्रतापरेड्डींनी १९२६ साली ‘गोलकोंडा पत्रिका’ सुरू केली. पुढे त्यांनीच या कोतवालाचे चरित्र तेलुगूत लिहिले.

हे नीट लक्षात घ्यावे. ज्या काळात पोलीस आणि पत्रकार समोरासमोर उभे होते असे आपण धरून चालतो, त्याच काळात एका संपादकाने पोलीसप्रमुखाचे चरित्र लिहिले. ते खुशामत म्हणून लिहिले असते तर विसरले गेले असते. आज तेलुगू समाज वेंकटराम रेड्डींना आठवतो तो त्यांनी पकडलेल्या गुन्हेगारांसाठी नव्हे, तर वसतिगृहासाठी आणि शिक्षणाला दिलेल्या आधारासाठी. नारायणगुड्यात त्यांचा पुतळा आहे. ते १९५३ साली वारले. माणूस ज्या राजवटीची नोकरी करतो त्या राजवटीएवढाच त्याचा हिशेब लावायचा नसतो, हे तेलुगू मंडळींनी लवकर ओळखले.

आपली बाजूही रिकामी नव्हती. लक्ष्मणराव फाटकांचे ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक याच शहरातून निघत होते. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इथे भरले. सभाबंदीच्या काळात परवानगीच्या कागदाखेरीज इतका मोठा मेळावा भरणे शक्य नव्हते, आणि त्या कागदाचा प्रवास कोतवालीतूनच होत असे. पण आपण त्या संमेलनाचे अध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष आठवतो, परवानगीचा अर्ज ज्यांच्या टेबलावरून सरकला ती माणसे आठवत नाही.

दोन घरांची साक्ष

इथे मला माझ्या पदरची साक्ष द्यावी लागेल. १९६० च्या दशकात मी शाळेत असताना तीन वर्षे पेपर टाकत होतो. बडी चावडी, हनुमान टेकडी आणि काचीगुड्याचा थोडा भाग ही माझी लाइन. पहाटे पाचला फूटपाथवर गठ्ठे सुटायचे. ‘सियासत’, ‘रहनुमा-ए-दक्कन’, ‘हिंदी मिलाप’, ‘डेक्कन क्रॉनिकल’ हे ताजे, आणि आदल्या दिवशीच्या गाडीने आलेले मुंबई-पुण्याचे मराठी पेपर शिळे. शिळ्यांची वाट अधिक पाहिली जाई.

माझ्या लाइनीत एक निवृत्त अमीन होते. मराठवाड्यातून आलेले देशस्थ गृहस्थ. पूजा मराठीत, हिशेब उर्दूत. सकाळी ओट्यावर बसून ते ‘सियासत’ आणि एक मराठी पेपर घेत, आणि माझ्या हातून पेपर घेताच खिशातले घड्याळ पाहून वहीत वेळ टिपून ठेवत. “पाच चाळीस. काल पाच पस्तीस होते रे बाळ,” असे म्हणत. नोकरी सुटून वर्षे झाली तरी रोजनामा सुटला नव्हता. त्याच गल्लीत, पाच घरे सोडून, आम्ही सगळे जिला माई म्हणत असू त्या बाईंचे घर होते. त्यांचे यजमान १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. दोन्ही घरांतल्या बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जात. पुरुषांचे बोलणे नमस्काराच्या पुढे जात नसे.

कारण मला पुढे कळले. माईंच्या घराची एकदा झडती झाली होती, आणि झडती घेणारे होते हेच अमीनसाहेब. सुलतान बाजार १९३३ साली निजामाकडे परत गेल्यावर सीमेची ती जुनी ओट नाहीशी झाली होती. बंदी असलेली पत्रके सिकंदराबादेतून येत आणि घरांघरांतून पुढे सरकत. माईंच्या घरी त्या दिवशी असा एक गठ्ठा देवघरात होता. तो सापडला नाही. एवढे दोघांनाही मान्य. पुढे मात्र साक्षी फुटतात.

अमीनसाहेबांनी मला, मी कॉलेजात गेल्यावर, सांगितले ते असे : “देवघरात काय आहे ते मला ठाऊक होते. पण मी हात घातला नाही. नोकरी सरकारची, देव्हारा माझा.” माईंना हे सांगितल्यावर त्या हसल्या. त्यांचे म्हणणे असे की अमीन दारापर्यंत गेले होते. सोबत एक वयस्कर मुसलमान जमादार होता. माईंच्या सासूबाईंनी सोवळ्याचे सांगताच तो जमादारच म्हणाला, “रहने दीजिए साहब, भगवान का घर है,” आणि मग सगळे परतले.

श्रेय कुणाचे? अमीनसाहेब खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. तीस वर्षांत माणूस आपली आठवण घासून पुसून स्वच्छ करतो. माईंनाही शेजाऱ्याचे उपकार मान्य करण्यापेक्षा परक्या जमादाराचे मान्य करणे सोपे गेले असेल. पण दोघांच्या सांगण्यातून एक गोष्ट निश्चित होते. त्या झडतीत तिघांपैकी कुणीतरी हात आखडता घेतला. ही गोष्ट कोणत्याही सरकारी कागदात सापडायची नाही, कारण कागदावर ‘झडती घेतली, काही मिळाले नाही’ एवढेच असणार.

काळाचा मेळ कसा घालायचा, हेही या उदाहरणावरून दिसते. अमीनसाहेब म्हणत, १३४८ चा बहमन महिना. माई म्हणत, दत्तजयंती होऊन चार-दोन दिवस झाले होते. ऐकताना ही दोन वेगळी वर्षे वाटतात. परंतु निजामाच्या दफ्तरात चालणारे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अझूर महिन्यापासून, सुरू होई. डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेत ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. १३४८ चा बहमन म्हणजे डिसेंबर १९३८. त्या वर्षीची दत्तजयंतीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह ऑक्टोबरअखेर सुरू झाला होता आणि डिसेंबरअखेर थांबवला गेला. दोन्ही साक्षी त्या दोन महिन्यांत चपखल बसतात. आठवणी अविश्वसनीय असतात असे म्हणून त्या टाकून देणाऱ्यांनी हा मेळ पाहावा.

गप्प झालेली घरे

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. त्याच्या काही आठवडेच आधी, ऑगस्टमध्ये, ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा काचीगुडा भागात खून झाला होता. हैदराबादने भारतात यावे असे ते उर्दूतून निर्भीडपणे लिहीत. वर्तमानपत्र काढणे, वाचणे आणि वाहून नेणे हे त्या काळी किती जोखमीचे होते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण नाही. संपादकाचे नाव इतिहासात राहिले, ते राहायलाच हवे. त्याचे अंक पहाटे वाटणाऱ्यांची नावे मात्र कुणी टिपली नाहीत.

१९४८ नंतर ज्या घरांत सत्याग्रही होते ती घरे बोलू लागली. ज्या घरांत अमीन, जमादार, मुन्शी होते ती घरे गप्प झाली. निजामाची नोकरी केली हे सांगणे लाजेचे झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची तीन तुकड्यांत वाटणी झाली, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कित्येक नोकरदारांची बदली त्याच्याबरोबर झाली. जे मागे राहिले ते आपल्याच शहरात अल्पसंख्य होऊन राहिले. त्यांच्या मुलांनी वडिलांच्या गणवेशाचे फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकले. माझ्या लाइनीतल्या त्या अमीनसाहेबांच्या वह्या ते गेल्यावर रद्दीत गेल्या. त्यांत निवृत्तीनंतरच्या पेपरच्या वेळा होत्या, तशाच नोकरीतल्या टिपणांच्याही काही वह्या होत्या असे त्यांनीच सांगितले होते.

यातला खरा विरोधाभास पुढे दिसला. स्वातंत्र्यसैनिकांना सरकारी सन्मान आणि निवृत्तिवेतन मिळू लागले, तेव्हा प्रत्येकाला पुरावा लागला. पुरावा म्हणजे काय? अटकेची नोंद, तुरुंगाचा दाखला. हे कागद लिहिले होते कुणी? त्याच अमीनांनी, मुन्शींनी आणि जेलच्या कारकुनांनी. ज्यांचे नाव ठाण्याच्या वहीत नीट लिहिले गेले त्यांना दाखला मिळाला. ज्यांचे नाव उर्दू लिपीत चुकीचे उतरले, किंवा ज्यांना पोलिसाने दया करून नोंद न करता सोडून दिले, ते हात हलवत परतले. म्हणजे सत्याग्रह्याची आठवण शेवटी पोलिसाच्या लेखणीवर अवलंबून राहिली. पोलिसाची दया ही त्या माणसाला पुढे महाग पडली. इतिहास असा उलटा चालतो.

म्हणून मी आग्रहाने म्हणतो की पोलिसाची बाजू नोंदवणे म्हणजे त्याला निर्दोष ठरवणे नव्हे. काही अमिनांनी मारहाण केली, लाच घेतली, रझाकारांकडे डोळेझाक केली. तेही त्याच आठवणींत आहे, आणि तेही लिहिले पाहिजे. पण सगळ्यांना एका ओळीत उभे करून आपण आपल्याच आजोबांना ओळखेनासे झालो आहोत. घरातला एक भाऊ सत्याग्रहात आणि दुसरा कोतवालीत, अशी कुटुंबे आपल्या वस्तीत होती. त्या घरांच्या जेवणाच्या पंगतीत काय बोलले जाई आणि काय टाळले जाई, हा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचाच भाग आहे.

काय करता येईल

आता कामाचे बोलतो. या सभागृहात सत्तरीच्या पुढचे पुष्कळजण आहेत. त्यांपैकी काहींनी लहानपणी पेपर टाकले असतील, काहींच्या घरी निवृत्त पोलीस अधिकारी पाहुणे म्हणून येत असतील. माझी विनंती एवढीच आहे.

पहिली गोष्ट, घरात उर्दू किंवा मोडीतले जुने कागद असतील तर ‘कळत नाही’ म्हणून टाकू नका. सनद, पगाराची पावती, बदलीचा हुकूम, रजेचा अर्ज, सगळे ठेवा. त्यावर १३४० किंवा १३५० असा आकडा दिसला तर तो बहुधा फसली सन समजा आणि महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवा. रकमेपुढे ‘हाली’ आहे की ‘कलदार’ हे पाहा. त्यावरून कागद कोणत्या अंमलातला हे बहुधा कळते.

दुसरी गोष्ट, आठवण सांगताना गल्ली, घर, सण आणि ऋतू सांगा. सन चुकला तरी हरकत नाही. दत्तजयंती चुकत नाही. आणि एकाच प्रसंगाची दोन माणसांकडून माहिती मिळाली तर दोन्ही लिहा, त्यांची जुळवाजुळव घरात करू नका. ज्या ठिकाणी साक्षी फुटतात तिथेच बहुतेक वेळा माणूस सापडतो.

तिसरी गोष्ट, पेपरची लाइन टाकलेल्या प्रत्येकाने आपल्या लाइनीचा नकाशा कागदावर काढावा. कोणत्या दारात कोणता पेपर पडे, एवढेच. एका गल्लीत पाच घरांत उर्दू, तीन घरांत मराठी, दोन घरांत तेलुगू आणि एका घरात इंग्रजी पेपर पडत असेल, तर त्या गल्लीचे वर्णन करायला जनगणनेचा तक्ता पुरत नाही. वीस माणसांनी असे वीस नकाशे काढले, तर सुलतान बाजार काय वाचत होता याचा जो इतिहास तयार होईल तो कोणत्याही दफ्तरखान्यात मिळणार नाही.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो. या शहराने आपल्याला उर्दू दिली, तेलुगू शेजार दिला, आणि आपली मराठी टिकवू दिली. ही देवघेव मोठ्या नेत्यांच्या भाषणांतून झाली नाही. ती ओट्यावर, चौकीत, ग्रंथसंग्रहालयाच्या बाकावर आणि दाराच्या फटीतून आत सरकणाऱ्या पेपरातून झाली. ज्यांनी ती पाहिली त्यांतली थोडी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसायला एखादी दुपार पुरे. वही आणि पेन मात्र विसरू नका.